बेडकाच्या दातावर एनॅमल येतं कुठून?

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे: "पावसाळ्यात मुलांनी डबक्यातून बेडूकमासे आणले. भिंगातून पाहिलं तर तोंडाभोवती काळ्या, बारीक दातांच्या ओळी. हेच दात पुढे बेडकाच्या वरच्या जबड्यात जातात का? बेडकाच्या दातावर आपल्यासारखं एनॅमल असतं का? असेल तर ते बनतं कसं? आणि आपलं एनॅमल एकदा गेलं की परत येत नाही, मग बेडकाला नवं कसं मिळतं?"

बाई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचं "हो". चौथ्याचं उत्तर दोन वाक्यांत संपेल. खरी गंमत तिसऱ्यात आहे, म्हणून वेळही तिथेच घालवणार आहे.

आधी माझी ओळख. मी मूळचा दंतवैद्य. तीन वर्षं दवाखाना चालवला, मग लक्षात आलं की पेशंटच्या तोंडापेक्षा दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात मला जास्त रस आहे. तेव्हापासून वीसेक वर्षं दातांच्या स्लाइडी करतोय. माणसाच्या, उंदराच्या, सरड्याच्या आणि बेडकाच्या. बेडकाकडे वळलो तो एका फजितीमुळे. ती पुढे सांगतो, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फजितीतच आहे.

बेडूकमाशाचे ते काळे दात आधी निकालात काढू. ते दात नव्हेतच. ते केराटिनचे, म्हणजे आपल्या नखाच्या जातीचे. एकेक 'दात' म्हणजे टोपीवर टोपी रचावी तशा एकाखाली एक बसलेल्या पेशींची उभी रांग. वरची पेशी कडक होऊन काळी पडते, खरवडून खरवडून झिजते, गळते, आणि खालची तिची जागा घेते. त्यात डेंटिन (एनॅमलच्या आतला दाताचा मुख्य भाग) नाही, हाड नाही, एनॅमल तर नाहीच. दगडावरचं शेवाळ खरवडायची ती किसणी आहे. आपल्याकडे सगळीकडे दिसणाऱ्या भेकाच्या (खरखरीत कातडीच्या बेडकाच्या) पिलात वरच्या ओठावर दोन आणि खालच्या ओठावर तीन अशा ओळी असतात. मुलांना मोजायला सांगा. मात्र मुलांनी आणलेल्यांत एखादं पिलू बिनदाताचं निघालं तर गोंधळू नका. मायक्रोहायला या चिमुकल्या बेडकाची पिलं पाण्यातले कण गाळून खातात, त्यांना किसणी लागतच नाही. शेपूट आखडायला लागते तेव्हा ही सगळी सामग्री गळून पडते आणि तोंड रुंद होत डोळ्यांच्या मागेपर्यंत जातं. खरे दात त्याच धामधुमीत, पण वेगळ्या जागी, जबड्याच्या हाडाला लागून आतल्या बाजूनं तयार होऊ लागतात. दोघांचा एकमेकांशी वंशाचाही संबंध नाही आणि जागेचाही.

बेडकाचे खरे दात बहुतेक जातींत फक्त वरच्या जबड्यात, आणि टाळूला व्होमर नावाच्या हाडावर दोन छोटे पुंजके. आमच्या पिढीनं इंडियन बुलफ्रॉग कापून हे पाठ केलं. खालच्या जबड्याला दात नाहीत हेही पाठ केलं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की याच बुलफ्रॉगच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला हाडाचेच दोन उंचवटे असतात. बोटाला दातासारखे लागतात, पण नुसतं हाड. दात ओळखायची खूण एकच: आत डेंटिन, डेंटिनच्या आत मगज, आणि टोकावर एनॅमलची टोपी. ती नसेल तर तो दिसायला कितीही दातासारखा असो, दात नव्हे.

बुलफ्रॉगचा दात जेमतेम मिलिमीटरभर, कित्येकदा त्याहूनही लहान. टोकाला दोन टोचे, एक ओठाकडे, एक जिभेकडे. मधोमध एक विचित्र गोष्ट: दाताचा वरचा मुकुट आणि खालचा खुंट या दोघांच्या मध्ये खनिज न भरलेला मऊ पट्टा. म्हणजे दाताला जणू बिजागरी. भक्ष्य आत सरकताना मुकुट आतल्या बाजूला किंचित झुकू शकतो. बेडूक चावत नाही, धरून ठेवतो आणि गिळतो. गिळताना डोळे आत ओढून घास मागे ढकलतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. अशा बिजागरीच्या दातांना उभयचर वर्गाची सही म्हणतात. बेडूक, सॅलॅमँडर (शेपटीवाला, सरड्यासारखा दिसणारा) आणि देवगांडूळ (बिनपायाचं) या तिघांतही ती आहे, आणि ओक्लाहोमात सापडलेल्या डोलेसर्पेटॉन या पर्मियन, म्हणजे डायनासोरांच्याही आधीच्या काळातल्या प्राण्यातही सापडली, म्हणून तो या तिघांच्या पूर्वजांच्या जवळचा मानतात. अपवाद आहेतच. दक्षिण अमेरिकेतल्या शिंगाड्या सेराटोफ्रिस बेडकाच्या दाताला बिजागरी नाही. तो उंदीरसुद्धा पकडतो. झुकणारा दात त्याला काय कामाचा!

आता एनॅमल. पाठ्यपुस्तकात दंतवल्क लिहिलेलं असतं, पण आमच्यात सगळे एनॅमलच म्हणतात.

कुठलाही खरा दात दोन घराण्यांच्या पेशींच्या करारातून बनतो. तोंडाच्या अस्तराची एक पट्टी खाली जबड्यात उतरते आणि तिच्या टोकाशी घंटेसारखी खोलगट घडी पडते. घंटेच्या पोकळीत दुसऱ्या घराण्याच्या पेशी गोळा होतात. या पेशी न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे गर्भाच्या पाठीवरच्या कडेवरून, प्रवास करून आलेल्या असतात. घंटेच्या आतल्या कडेला लागून अस्तराच्या पेशी उभ्या राहतात, त्या अमेलोब्लास्ट. त्यांच्या समोर, मध्ये फक्त एक पातळ पडदा ठेवून, दुसऱ्या घराण्याच्या पेशी उभ्या राहतात, त्या ओडोंटोब्लास्ट. समोरासमोर दोन रांगा, लग्नात अंतरपाट धरल्यासारख्या. पुढे अंतरपाट दूर होतो आणि दोघी एकमेकींकडे तोंड ठेवूनच मागे सरकत जातात. सरकताना मध्ये जे ठेवतात, तो दात.

पहिला थर नेहमी ओडोंटोब्लास्ट टाकतात: कोलाजेन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी, जिच्यात मग खनिज भरतं. हे डेंटिन. ते घट्ट व्हायला लागलं की अमेलोब्लास्ट जाग्या होतात. लांबट होतात, केंद्रक मागे सारतात आणि डेंटिनवर आपला माल ओततात. या मालात कोलाजेन नसतं. अमेलोजेनिन, अमेलोब्लास्टिन आणि एनॅमेलिन ही प्रथिनं असतात. त्यांच्यामध्ये हायड्रॉक्सीअॅपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचे लांब, सुईसारखे स्फटिक वाढतात. मग विकरं ती प्रथिनं कुरतडून काढतात, रिकाम्या जागी स्फटिक जाड होतात, आणि शेवटी जवळजवळ दगडच उरतो. माणसाच्या पक्व एनॅमलमध्ये वजनानं सुमारे 96 टक्के खनिज असतं. साच्यातली सगळी माती काढून टाकलेली मूर्ती म्हणा.

बेडकात हेच सगळं होतं, पण काटकसरीनं. थर पातळ, आपल्या केसाच्या जाडीच्या आतला. आणि प्रिझम नाहीत. आपल्या एनॅमलमधल्या स्फटिकांच्या जुड्या बांधलेल्या असतात, गवताच्या पेंढ्या उभ्या कराव्यात तशा. या जुड्या बनतात कारण सस्तन प्राण्याच्या अमेलोब्लास्टला टोकाशी एक टोकदार उंचवटा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी वळतात. बेडकाच्या अमेलोब्लास्टचं टोक सपाट. म्हणून स्फटिक सगळे समांतर, पृष्ठभागाला साधारण काटकोनात. (सरड्यांतही तसंच, फक्त वाळवंटातला सांडा वेगळा निघाला. त्याच्या एनॅमलमध्ये प्रिझम आहेत, हे 1973 सालीच नोंदवलं गेलं. सांडा पाला चावून खातो. प्रत्येक वर्गात एखादा असा विद्यार्थी असतोच.)

प्रथिनांचं म्हणाल तर झेनोपस या आफ्रिकी बेडकाचं अमेलोजेनिन 1998 साली ओळखलं गेलं, आणि ते आपल्या अमेलोजेनिनचंच भावंड निघालं. पण आखूड. त्याच्या मधल्या भागात प्रोलीन या अमिनो आम्लाच्या पुनरुक्तीची जी माळ असते ती बेडकात लहान, उंदरात मोठी, गाईत त्याहून मोठी. माळ जितकी लांब तितके प्रथिनांचे गोळे आटोपशीर आणि स्फटिक लांब, असं 2009 साली दाखवलं गेलं. त्याच अभ्यासात उंदराच्या अमेलोब्लास्टमध्ये बेडकाचा जनुक चालवून पाहिला, तेव्हा उंदराच्या एनॅमलची पेंढ्यांची शिस्त बिघडली. हा प्रयोग वर्गात सांगा. मुलांना 'जनुक बदलला की अवयव बदलतो' यापेक्षा 'माळेतले मणी कमी झाले की स्फटिक आखूड होतात' हे जास्त चांगलं समजतं.

आता फजिती.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला प्रयोगशाळेत सॅलॅमँडरच्या डिंभकांचे, म्हणजे पिलांचे, जपून ठेवलेले जबडे मिळाले. मी नेहमीच्या पद्धतीनं काम केलं: फॉर्मिक आम्लात ठेवून खनिज विरघळवलं, पॅराफिनमध्ये घातलं, मायक्रोटोमवर पाच मायक्रॉनचे काप घेतले, हिमॅटॉक्सिलीन आणि इओसीननं रंगवले. हे मी उंदराच्या शेकडो दातांवर केलं होतं. उंदराच्या पक्व दातात अशा वेळी काय दिसतं? गुलाबी डेंटिन, मग एक स्वच्छ पांढरी पोकळी, मग पेशी. ती पोकळी म्हणजे एनॅमल. आम्लानं खनिज नेलं, प्रथिनं आधीच गेलेली, उरलं काहीच नाही. नवे विद्यार्थी दरवर्षी सांगतात, "सर, काप फाटलाय." फाटलेला नसतो. एनॅमलची अनुपस्थिती हाच त्याचा पुरावा.

सॅलॅमँडरच्या डिंभकाच्या कोवळ्या दातांच्या टोकावर मला पोकळी दिसलीच नाही. तिथे फिकट गुलाबी, धाग्याधाग्यांचं काहीतरी होतं. डेंटिनपेक्षा सैल, पण रिकामं नक्कीच नाही. मी ठरवलं की आम्लात पुरेसा वेळ ठेवलं नाही. पुन्हा ठेवलं. तेच. तिसऱ्यांदा ईडीटीए हे खनिज काढणारं दुसरं रसायन वापरलं. तेच. आमच्या प्रमुखांना दाखवलं, ते म्हणाले, "कापायचा कोन चुकलाय तुझा." मी तसं वहीत लिहूनही टाकलं. काही महिन्यांनी त्याच जातीच्या पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा जबडा हाती आला. तीच पद्धत, तोच कोन, आणि टोकावर लख्ख पांढरी पोकळी.

एकाच प्राण्यात लहानपणी एक टोपी, मोठेपणी दुसरी. कोन चुकलेला नव्हता.

लहानपणच्या त्या टोपीला एनॅमलॉइड म्हणतात. बहुतेक माशांच्या दातांवर हीच असते. शार्कच्या दाताचं चकचकीत टोक एनॅमलॉइडचं. दिसायला आणि टणकपणाला एनॅमलच्या जवळ, पण बनायची रीत वेगळी. एनॅमल हा गिलावा आहे: भिंत आधी उभी राहिली, सुकायला लागली, मग बाहेरच्या गवंड्यानं वरून थर दिला. एनॅमलॉइड म्हणजे फळ्यांच्या मध्ये ओतलेलं काँक्रीट, ज्यात आतला आणि बाहेरचा असे दोघंही गवंडी आपापला माल टाकतात. ओडोंटोब्लास्ट कोलाजेनचं सैल जाळं घालतात, समोरून अमेलोब्लास्टही त्यात भर घालतात, आणि आख्खी जाडी तयार झाल्यावरच खनिज भरायला सुरुवात होते. कोलाजेन असल्यामुळे खनिज विरघळवलं तरी कोवळ्या दातात धागे उरतात. माझ्या स्लाइडवरचं गुलाबी ते हेच होतं. पक्व होता होता तेही बरंचसं निघून जातं, म्हणून पाहायचा तर कोवळा दात.

हा बदल कसा घडतो याचा सगळ्यांत नीट पाठपुरावा प्ल्युरोडेलेस वाल्टल या न्यूटमध्ये, म्हणजे सॅलॅमँडरच्याच एका प्रकारात, झाला आहे. स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्कोमधला हा पाणन्यूट. धोक्यात सापडला की स्वतःच्या बरगड्यांची टोकं कातडीतून बाहेर काढतो, असा गुणी प्राणी. प्रयोगशाळेत तो सहज वाढतो आणि त्याचे दात आयुष्यभर बदलत राहतात. पॅरिसमधल्या जाँ-ईव्ह सीर यांच्या गटानं त्याच्या दातांच्या एकामागून एक पिढ्या पाहिल्या आणि 2007 साली मांडल्या. माझी अपेक्षा होती की रूपांतरणाच्या वेळी कळ दाबावी तसा बदल होत असेल. तसं नाही. पिलाच्या पहिल्या दातांवर टोपी एनॅमलॉइडची. पुढच्या पिढ्यांत एनॅमलॉइड पातळ होत जातं आणि त्याच्यावर एनॅमलचा थर दिसू लागतो. आणखी पुढे एनॅमलॉइड संपतं, डेंटिनवर थेट एनॅमल बसतं. एकाच प्राण्याच्या तोंडात, दात पडत आणि नवे येत असताना, टप्प्याटप्प्यानं.

माझ्या मते या सगळ्या विषयात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. न्यूट मोठा झाला म्हणून त्याला नव्या पेशी मिळत नाहीत. तीच दोन घराणी, त्याच दोन रांगा. बदलतं ते वेळापत्रक. लहानपणी ओडोंटोब्लास्ट आपला सैल माल टाकतात आणि तो खनिजाविना तसाच थांबतो, तोवर अमेलोब्लास्टची भर त्यात मिसळते. मोठेपणी ओडोंटोब्लास्टचा पहिला थर लवकर घट्ट होतो, मिसळायला जागाच उरत नाही, आणि अमेलोब्लास्टला वरून गिलावा करण्यावाचून पर्याय राहत नाही. गंमत म्हणजे अमेलोब्लास्टसुद्धा टाइप वन कोलाजेनचा जनुक चालवू शकतात, हे 2014 मध्ये याच जातीच्या प्राण्यांत दाखवलं गेलं. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला आम्ही शिकलो की कोलाजेन फक्त आतले करतात, बाहेरचे कधीच नाही. परीक्षेत तेच लिहा, पण मनात ठेवू नका.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायला हवा. माशाला एनॅमलॉइड, न्यूटच्या पिलाला एनॅमलॉइड, मोठ्या न्यूटला आणि आपल्याला एनॅमल; म्हणजे पिलू 'माशाच्या अवस्थेतून' जातं, असा सुबक निष्कर्ष काढावासा वाटतो. वर्गात टाळ्याही मिळतात. पण खऱ्या एनॅमलच्या जवळचा थर प्राचीन हाडमाशांच्या खवल्यांवरही सापडला आहे. एनॅमल उभयचरांनी जमिनीवर येऊन शोधलेली वस्तू नव्हे. ते त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. न्यूटचं पिलू मासा 'आठवत' नाही. ते लहान, भराभर बदलायचे दात करतंय आणि त्यासाठी सोपी रीत वापरतंय, इतकंच.

बेडकात मात्र हा एनॅमलॉइडचा टप्पा दिसत नाही. कारण साधं: बेडूकमाशाला खरे दातच नाहीत, तर टोपी कुठली? पहिला खरा दात येतो तोच रूपांतरणाच्या वेळी, थायरॉइडच्या संप्रेरकाच्या भरतीत, आणि येतो तो थेट एनॅमल घालून. न्यूट शाळेतून वर्गावर्गानं वर चढतो, बेडूक एकदम दहावीला बसतो.

तुमची मुलं हुशार दिसतात, म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. 1932 साली हान्स स्पेमान आणि ऑस्कर शॉटे यांनी बेडकाच्या गर्भाच्या पोटाकडची कोवळी कातडी न्यूटच्या गर्भाच्या तोंडाच्या जागी लावली, आणि उलटही केलं. न्यूटच्या डोक्यावर बेडूकमाशाची चिकटण्याची चकती आणि केराटिनचे जबडे उगवले. उलट प्रयोगात बेडकाच्या पिलाच्या तोंडात न्यूटसारखे खरे दात आले. म्हणजे खालच्या ऊतींकडून हुकूम 'इथे तोंड कर' एवढाच येतो. कातडी तो हुकूम आपल्या घरच्या भाषेत पाळते. केराटिनची किसणी आणि डेंटिनचा दात यांत किती अंतर आहे हे दाखवायला याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही.

एनॅमल करणाऱ्या अस्तराबद्दलही एक समज होता: ते नेहमी बाह्यस्तरातून, म्हणजे त्वचेच्या घराण्यातूनच येतं. गॅव्हिन डी बीअर यांनी 1947 साली अॅक्झोलॉटल या सॅलॅमँडरमध्ये पाहून म्हटलं की काही दातांत ते अंतःस्तरातून, आतड्याच्या घराण्यातूनही येतं. साठ वर्षं ते तसंच राहिलं. 2008 मध्ये प्रागच्या रॉबर्ट चेर्नी यांच्या गटानं हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे अॅक्झोलॉटल वापरून, एका गर्भाचा बाह्यस्तर दुसऱ्यावर लावून, माग काढला. काही दातांचं अस्तर हिरवं, काहींचं रंगहीन, काहींचं अर्धं अर्धं. दात तिन्ही प्रकारचे उत्तम. अस्तर कुठल्या घरचं याला महत्त्व नाही. समोर न्यूरल क्रेस्टच्या पेशी उभ्या आहेत की नाही याला आहे.

देवगांडूळ या तिसऱ्या उभयचराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते तर आपल्या सह्याद्रीतलं. 2003 साली आंबोलीतून गेगेनिओफिस डॅनिएली आणि 2004 साली साताऱ्याकडच्या हुंबर्लीतून इंडोटिफ्लस महाराष्ट्रेन्सिस या जाती वर्णन झाल्या. गांडूळ समजून फावड्याखाली येतात बिचारे, पण तोंड उघडून पाहिलं तर वर दोन ओळी दात, खालीही ओळ. गांडुळाला दात नसतात, एवढं शेतकऱ्याला सांगितलं तरी पुष्कळ. केनियाच्या टाइटा डोंगरातल्या बुलेंगेरुला या देवगांडुळाची पिलं खास आकाराचे दात घेऊन जन्मतात आणि त्या दातांनी आईची वरची कातडी सोलून खातात. 2006 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्या चहाच्या टेबलावर आठवडाभर तोच विषय होता. तिची कातडी त्या काळात जाड आणि मेदानं भरलेली असते, म्हणजे हे दूधच म्हणायचं.

आता उलट गोष्ट: दात गेले की एनॅमलच्या जनुकाचं काय होतं? अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येतो तो खरखरीत भेक पूर्ण बोळका आहे. त्याचं सगळं कुळच बोळकं. मुंग्या-वाळवी जिभेनं टिपणाऱ्याला दातांची गरज पडत नाही. 2021 साली या कुळातल्या भेकांच्या जनुकसंचात अमेलोजेनिनचा जनुक शोधला, तर तो मोडक्या अवस्थेत सापडला. अक्षरं गळालेली, वाचता न येणारा, पण जागेवर. बंद पडलेल्या गिरणीचं भोंग्याचं धुराडं उभं असावं तसा. त्याच वर्षी पाचशेहून जास्त उभयचर जातींच्या कवट्या सीटी स्कॅननं पाहून दाखवलं गेलं की बेडकांच्या वंशात दात वीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे गेले आहेत.

आणि मग तो एक. कोलंबिया आणि इक्वेडोरमधला गॅस्ट्रोथेका गुंथेरी, पाठीवरच्या पिशवीत अंडी वाढवणारा बेडूक. बेडकांच्या पूर्वजांनी खालच्या जबड्याचे दात 20 कोटी वर्षांहून आधी गमावले, याला मात्र खाली दात आहेत. नुसते हाडाचे उंचवटे असतील अशी शंका होतीच. 2021 मध्ये संग्रहातल्या नमुन्याचे काप घेऊन पाहिलं, तर डेंटिन, मगज आणि टोकावर एनॅमल. गमावलेला अवयव परत येत नाही असा नियम सांगितला जातो, त्यात हा बसत नाही. मला स्वतःला यात चमत्कार वाटत नाही. वरच्या जबड्यात कारखाना चालूच होता. अवजारं, माल, कारागीर सगळं तयार. खाली फक्त पुन्हा शाखा उघडली. वरचे दातही गेले असते आणि जनुक भेकासारखा मोडला असता, तर हे झालं नसतं असं माझं मत.

राहिला चौथा प्रश्न. आपल्या दातातल्या अमेलोब्लास्ट दात उगवता उगवता मरतात, म्हणून एनॅमल दुरुस्त होत नाही. बेडकातही त्या दाताचं एनॅमल दुरुस्त होत नाही. तो दातच टाकून देतो. जुन्या दाताच्या आतल्या बाजूला पुढचा दात टोपी घालून तयार असतो. जुन्याचा खुंट हाड खाणाऱ्या पेशी पोखरतात, तो पडतो, नवा सरकून जबड्याला चिकटतो. आयुष्यभर. पातळ थर त्याला परवडतो तो यामुळेच. आपल्याला एकच दात साठ-सत्तर वर्षं वापरायचा, म्हणून आपला गिलावा जाड आणि पेंढ्यांचा.

वर्गात दाखवायचं म्हणाल तर बेडूक पकडायची काहीच गरज नाही, आणि ते कायद्यातही बसत नाही. कॉलेजच्या जुन्या कपाटात बेडकाचा सांगाडा असेल. वरच्या जबड्याच्या आतल्या कडेवरून नख फिरवा, करवतीसारखी बारीक खरखर लागेल. खालच्यावर फिरवा, गुळगुळीत. बेडूकमासे पाहून झाल्यावर ज्या डबक्यातून आणले तिथेच सोडायला सांगा. तयार स्लाइड मिळाली तर मोठा बेडूक निवडा, आणि दाताच्या टोकाशी पांढरी फट दिसली तर स्लाइड खराब आहे म्हणून परत पाठवू नका.